अमेरिकेतील शस्त्रहक्क संघटनांच्या पक्षीय राजकारणावर न्याय्य टीका कशी लिहावी

कोल्हापुरात आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धांसाठी मुलांची तयारी करून घेताना मी अमेरिकेतील शस्त्रहक्क संघटनांच्या राजकारणाचा विषय बहुतेक दरवर्षी देते. मुले तो आनंदाने घेतात, कारण त्यांना तो सोपा वाटतो. आपल्यापैकी बहुतेकांनी बंदूक कधी हातात घेतलेली नसते, तिकडच्या शाळांमधील गोळीबाराच्या बातम्यांनी जीव कळवळतो, आणि मग नॅशनल रायफल असोसिएशन (एनआरए) या तिकडच्या शस्त्रहक्क संघटनेचे नाव घेऊन चार कडक वाक्ये लिहिली की काम झाले असे वाटते. असे निबंध मी पुष्कळ वाचले आहेत. त्यांतील राग खरा असतो आणि अनेकदा रास्तही असतो. परंतु त्या संघटनेच्या एखाद्या सभासदाच्या हाती तो निबंध पडला, तर पहिल्याच परिच्छेदातील तीन चुका दाखवून तो कागद बाजूला ठेवील, आणि पुढच्या पानांवरील खऱ्या मुद्द्यांना उत्तर देण्याची वेळ त्याच्यावर येणारच नाही. हे नुकसान मला फार मोठे वाटते, कारण या संघटनांवर करण्यासारखी टीका भरपूर आहे आणि ती गंभीर आहे. ती नीट कशी मांडावी हे सांगण्यासाठी पुढील टिपण लिहीत आहे.

भारतीय कायदा मनात ठेवून अमेरिकेवर लिहू नका

आपल्याकडे बंदूक परवान्याने मिळते. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली अर्ज करावा लागतो, पोलीस चौकशी होते, अर्जदाराला आपली गरज पटवून द्यावी लागते, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच शस्त्रे ठेवता येतात. त्याआधी ही मर्यादा तीनची होती. निवडणूक जाहीर झाली की शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याच्या नोटिसा निघतात, आणि आजरा, चंदगड किंवा राधानगरीच्या बाजूला शेतराखणीसाठी बारा बोअरची बंदूक बाळगणारा शेतकरी ती नेऊन जमा करतो. आपला हक्क हिरावला गेला असे त्याला सहसा वाटत नाही, कारण हक्क म्हणून ती बंदूक त्याला मिळालेलीच नव्हती.

अमेरिकेत पायाच निराळा आहे. १७९१ साली संमत झालेल्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत शस्त्रे बाळगण्याच्या जनतेच्या हक्काचा उल्लेख आहे. हा हक्क नागरी सेनेच्या संदर्भापुरता आहे की प्रत्येक व्यक्तीचा आहे, यावर दीर्घकाळ वाद चालला. २००८ च्या हेलर खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो व्यक्तीचा हक्क ठरवला आणि त्याच निकालपत्रात तो अमर्याद नसल्याचेही नमूद केले. २०२२ च्या ब्रुएन निकालाने स्वसंरक्षणासाठी घराबाहेर बंदूक बाळगण्याचा हक्क मान्य केला. तर २०२४ च्या रहीमी निकालाने, कौटुंबिक हिंसेच्या प्रकरणात न्यायालयाचा मनाई हुकूम असलेल्या व्यक्तीला बंदूक बाळगू न देणारा कायदा आठ विरुद्ध एक मतांनी वैध ठरवला. हे निकाल तुम्हाला पटले पाहिजेत असे मुळीच नाही. हेलर निकाल चुकीचा आहे असे मानणारे कायदेपंडित खुद्द अमेरिकेत आहेत आणि तुम्हीही तसे लिहू शकता. परंतु न्यायालयाने मान्य केलेल्या हक्काची बाजू घेणारी संघटना त्या एवढ्याच कारणाने दोषी ठरत नाही, हे ध्यानात ठेवूनच पुढचे वाक्य लिहावे.

कोल्हापूरकरांसाठी आणखी एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. १६ फेब्रुवारी २०१५ च्या सकाळी कॉम्रेड गोविंद पानसरे आणि उमाताई फिरून घरी परतत असताना त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या, आणि २० फेब्रुवारीला पानसरे गेले. त्या सकाळची आठवण असलेल्या या शहरात बंदुकीविषयी कोरडेपणाने बोलणे अवघड आहे, आणि तसे बोलावे अशी माझी अपेक्षाही नाही. तरीही मी विद्यार्थ्यांना सांगते की ते दुःख अमेरिकेतील कायद्याविषयीचा पुरावा म्हणून वापरू नका. त्या हत्येचे स्वरूप, तिच्यामागचे हेतू आणि येथील कायदा यांचा टेक्सासमधील परवानाविषयक वादाशी संबंध नाही. ओढून ताणून जोडलेल्या संबंधाने ना त्या हत्येला न्याय मिळतो, ना त्या टीकेला.

टीका नेमकी कोणावर आहे ते आधी ठरवा

लेखणी उचलण्यापूर्वी तीन गोष्टी वेगळ्या करा: शस्त्र बाळगण्याचा हक्क, तो वापरणारी माणसे, आणि त्या माणसांच्या नावाने राजकारण करणारी संघटना. प्यू संशोधन केंद्राच्या २०२३ च्या पाहणीनुसार अमेरिकेतील सुमारे एकतृतीयांश प्रौढांकडे स्वतःची बंदूक आहे, म्हणजे ही संख्या काही कोटींत जाते. नॅशनल रायफल असोसिएशन भरात असताना तिने स्वतः सांगितलेली सभासदसंख्या सुमारे ५० लाख होती. याचा सरळ अर्थ असा की बहुसंख्य बंदूकधारक या संघटनेचे सभासद नाहीत. म्हणून “अमेरिकेतील बंदूकवाले” असा शब्दप्रयोग करून संघटनेच्या कृत्यांचे माप त्यांच्या पदरात घालणे चुकीचे आहे, आणि आपण सर्व बंदूकधारकांचा आवाज आहोत हा संघटनेचा दावा मान्य करणेही तितकेच चुकीचे आहे.

हा फरक समजायला आपल्याला लांब जावे लागत नाही. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेला वर्षानुवर्षे जाणारे शेतकरी माझ्या माहेरच्या गावात आहेत. उसाच्या दरासाठी ते रस्त्यावर बसतात. पण त्यांच्या शेतकरी संघटनेचे नेतृत्व एखाद्या निवडणुकीत या आघाडीबरोबर आणि पुढच्या निवडणुकीत त्या आघाडीबरोबर गेले, तेव्हा यांतील प्रत्येकाने तसेच मत दिले असे नाही. मागणीवर श्रद्धा असणे आणि नेतृत्वाच्या पक्षीय निवडीला पाठिंबा असणे यांत किती अंतर असते, हे शिरोळ-हातकणंगल्यातील कोणताही ऊस उत्पादक सांगेल. तेच अंतर पेनसिल्व्हेनियातील शिकारी आणि वॉशिंग्टनमधील लॉबी यांच्यातही आहे.

संघटनाही एक नाही. गन ओनर्स ऑफ अमेरिका ही अधिक कडवी भूमिका घेणारी संघटना आहे. सेकंड अमेंडमेंट फाउंडेशन प्रामुख्याने न्यायालयात लढते. नॅशनल शूटिंग स्पोर्ट्स फाउंडेशन ही बंदूक-उद्योगाची व्यापारी संघटना आहे. आणि २०१५ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल आफ्रिकन अमेरिकन गन असोसिएशनमागे कृष्णवर्णीयांच्या स्वसंरक्षणाचा निराळाच इतिहास आहे. या सर्वांना “गन लॉबी” या एका शब्दात कोंबले की उद्योगाच्या हितासाठी केलेली कृती आणि तत्त्वासाठी केलेली कृती यांतील भेद पुसला जातो, आणि तो भेद टीकाकाराच्याच उपयोगाचा असतो. ज्या जिल्ह्याने तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि पॅरिसमध्ये २०२४ साली कांस्यपदक मिळवणारे कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे दिले, तेथील लेखकाने नेमबाजी आणि हिंसा हे समानार्थी शब्द मानू नयेत, हे वेगळे सांगायला नको.

संघटनेचा प्रवास तारखांनिशी मांडा

या विषयातील सर्वांत बळकट टीका इतिहासातून उभी राहते, म्हणून येथे घाई करू नये. नॅशनल रायफल असोसिएशन १८७१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्थापन झाली. यादवी युद्धात उत्तरेच्या सैनिकांची नेमबाजी इतकी सुमार होती की विल्यम चर्च आणि जॉर्ज विंगेट या दोन माजी अधिकाऱ्यांनी शिक्षणासाठी ही संस्था काढली. १९३४ मध्ये संसदेपुढे साक्ष देताना तिचे तेव्हाचे अध्यक्ष कार्ल फ्रेडरिक यांनी सरसकट शस्त्र घेऊन फिरण्याला आपला विरोध असून त्यावर कडक निर्बंध व परवाना असावा, अशा अर्थाचे विधान केले होते. आजच्या संघटनेच्या तोंडी हे वाक्य कल्पनेतही बसत नाही.

मग काय घडले? १९७५ मध्ये संघटनेने लॉबिंगसाठी स्वतंत्र विभाग काढला. १९७७ च्या मे महिन्यात सिनसिनाटी येथील वार्षिक अधिवेशनात हार्लन कार्टर यांच्या बाजूच्या सभासदांनी एका रात्रीत जुने नेतृत्व पायउतार केले. त्या नेतृत्वाचा विचार राजकारणातून अंग काढून मुख्यालय कोलोरॅडोत हलवण्याचा आणि न्यू मेक्सिकोत नेमबाजी व निसर्गशिक्षणाचे केंद्र उभारण्याचा होता. १९८० मध्ये संघटनेने रोनाल्ड रेगन यांना पाठिंबा दिला, आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला जाहीर पाठिंबा देण्याची तिच्या इतिहासातील ती पहिली वेळ होती. येथपर्यंतचा भाग विद्यार्थी बहुधा लिहितात, आणि लगेच “तेव्हापासून ती रिपब्लिकन पक्षाची शाखा बनली” असे जोडून मोकळे होतात. हे बरोबर नाही. १९९० मध्ये व्हर्मांटच्या निवडणुकीत तिने रिपब्लिकन खासदार पीटर स्मिथ यांना विरोध केला आणि त्यात बर्नी सँडर्स निवडून आले. डेमोक्रॅट खासदार जॉन डिंगेल तर संघटनेच्या संचालक मंडळावर होते. १९९४ मध्ये ठरावीक अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी घालणाऱ्या गुन्हेविषयक विधेयकाला मत दिल्यावर त्यांनी ते पद सोडले. म्हणजे एक काळ असा होता की उमेदवारांना ए ते एफ श्रेणी देताना संघटना पक्षापेक्षा प्रश्न पाहत होती, किंवा निदान तसा दावा तिला पुराव्यानिशी करता येत होता.

तो दावा पुढे कसा क्षीण झाला हे दाखवणे म्हणजे खरी टीका. मे १९९५ मध्ये, ओक्लाहोमा शहरातील बॉम्बस्फोटाला महिनाही झाला नसताना, माजी राष्ट्राध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांनी आपले आजीव सभासदत्व परत केले. कारण संघटनेच्या निधी-पत्रात केंद्रीय अधिकाऱ्यांना नाझी सैनिकांची उपमा देणारी भाषा होती. हे पत्र एका रिपब्लिकन नेत्याला सहन झाले नाही, ही गोष्ट टीकेला वजन देते, कारण ती विरोधकाकडून आलेली नाही. २०१६ मध्ये संघटनेने मे महिन्यातच डोनाल्ड ट्रम्प यांना पाठिंबा जाहीर केला आणि त्यांच्यासाठी ३ कोटी डॉलरहून अधिक खर्च केला. याच ट्रम्प यांनी २००० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात ठरावीक अर्धस्वयंचलित बंदुकांवरील बंदीला आणि खरेदीपूर्वीच्या प्रतीक्षाकाळात थोडी वाढ करण्याला अनुकूलता दाखवली होती.

माझ्या मते सर्वांत बोलके उदाहरण बंप स्टॉकचे आहे. अर्धस्वयंचलित रायफलीतून गोळ्या लागोपाठ सुटाव्यात यासाठीचे हे जोडसाधन १ ऑक्टोबर २०१७ च्या लास व्हेगास हत्याकांडात वापरले गेले. संघटनेने स्वतःच त्यावर नियम व्हावेत असे सुचवले, आणि डिसेंबर २०१८ मध्ये ट्रम्प प्रशासनाने बंदी आणली तेव्हा तिने नाराजी नोंदवली. न्यायालयात धाव घेतली ती मात्र गन ओनर्स ऑफ अमेरिकाने. १४ जून २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कारगिल खटल्यात ही बंदी रद्द केली. तुमच्या वाचकाला एवढेच विचारा की हाच आदेश डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्षांनी काढला असता, तर संघटनेचा आवाज इतकाच मवाळ राहिला असता का? प्रश्न विचारून थांबा. उत्तर तुम्ही दिले तर तो तर्क ठरतो. वाचकाने दिले तर त्याचे ते मत होते.

याच ठिकाणी न्याय्य लेखकाला एक अप्रिय गोष्टही लिहावी लागते. पक्षांची ही फाटाफूट एकट्या संघटनेने घडवली नाही. त्याच काळात डेमोक्रॅट पक्षाचा ग्रामीण आधार आटत गेला, शहरी मतदारांसाठी शस्त्रनियंत्रण हा ओळखीचा मुद्दा बनला आणि बंदूकधारक मतदारांना त्या पक्षात जागा उरली नाही असे वाटू लागले. संघटना या प्रवाहात वाहत गेली आणि तिने त्याला जोरही दिला. या दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात आल्या पाहिजेत.

ढोबळ वाक्य मोडून नेमके लिहा

“एनआरएने संसद विकत घेतली” हे वाक्य मी ज्या ज्या निबंधात वाचते तेथे खाली रेघ मारते. राजकीय समितीला एका उमेदवाराला एका निवडणुकीसाठी थेट पाच हजार डॉलरपर्यंतच देणगी देता येते, आणि एका सिनेटरच्या प्रचाराचा खर्च पाहता ही रक्कम नगण्य आहे. संघटनेचे बळ दोन गोष्टींत आहे: उमेदवारापासून स्वतंत्रपणे केलेला प्रचारखर्च, आणि पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत हमखास मतदानाला बाहेर पडणारे सभासद. दुसरी गोष्ट तर लोकशाहीत कायदेशीर आहेच, आणि तिला लाचेचे नाव देणे म्हणजे त्या मतदारांचा अपमान आहे. पैशाविषयी लिहायचे असेल तर केंद्रीय निवडणूक आयोगाकडील खर्चाची विवरणे, लॉबिंगची तिमाही प्रकटने आणि नफा न कमावणाऱ्या संस्थांना दरवर्षी भरावे लागणारे करविवरण हे तीन सार्वजनिक कागद पाहावेत. आकडा कोणत्या कागदातील, कोणत्या वर्षाचा आणि थेट देणगीचा की स्वतंत्र खर्चाचा, हे वाक्यातच सांगावे.

डिकी दुरुस्तीबाबतही असेच घडते. “अमेरिकेत बंदूक-हिंसेवरील संशोधनावर बंदी होती” असे सर्रास लिहिले जाते. १९९६ च्या त्या तरतुदीचे शब्द असे होते की रोगनियंत्रण केंद्राला मिळणारा निधी शस्त्रनियंत्रणाचा पुरस्कार करण्यासाठी वापरता येणार नाही. संशोधनावर बंदी त्यात नव्हती. परंतु त्याच वेळी केंद्राच्या अंदाजपत्रकातील नेमके २६ लाख डॉलर, म्हणजे आदल्या वर्षी या संशोधनावर झालेल्या खर्चाइतकी रक्कम, दुसरीकडे वळवण्यात आली, आणि अधिकाऱ्यांनी त्यातून जो बोध घ्यायचा तो घेतला. पुढे सुमारे दोन दशके हे क्षेत्र सरकारी निधीविना जवळजवळ कोरडे राहिले; संसदेने निश्चित रक्कम पुन्हा दिली ती २०२० च्या आर्थिक वर्षासाठी, आरोग्यविषयक दोन संस्थांना मिळून अडीच कोटी डॉलर. ज्यांच्या नावाने ही दुरुस्ती ओळखली जाते त्या जे डिकी यांनीच नंतर संशोधन व्हायला हवे होते अशी जाहीर भूमिका घेतली. आता पाहा: “बंदी” हा चुकीचा शब्द काढून टाकल्यावर टीका दुबळी झाली की अधिक टोकदार? ज्ञानच निर्माण होऊ न देण्यासाठी बंदीची गरज लागत नाही, अंदाजपत्रकातील एक ओळ पुरते, हे या तपशिलातूनच उमगते.

२००५ च्या शस्त्र-उत्पादकांना संरक्षण देणाऱ्या कायद्याविषयी लिहितानाही “कंपन्यांवर खटलाच भरता येत नाही” असे म्हणू नये. त्यात अपवाद आहेत, आणि त्यांपैकी एका वाटेने सँडी हुक शाळेतील हत्याकांडात बळी पडलेल्यांच्या कुटुंबीयांनी रेमिंग्टन या बंदूक कंपनीविरुद्ध दावा चालवून फेब्रुवारी २०२२ मध्ये ७ कोटी ३० लाख डॉलरची तडजोड मिळवली.

आकड्यांपाशी विशेष सावध राहा

२०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० मृत्यू झाले. त्यांपैकी २६,३२८ आत्महत्या होत्या आणि २०,९५८ हत्या. “बंदूक-हिंसेत दरवर्षी पन्नास हजार लोक मारले जातात” या वाक्यात निम्म्याहून अधिक आत्महत्या दडून जातात, आणि वाचकाच्या डोळ्यांपुढे शाळेतील हत्याकांड उभे राहते. आत्महत्येचा प्रश्न कमी गंभीर नाही. किंबहुना घरात बंदूक सहज हाताशी असण्याचा धोका तेथेच सर्वांत ठळक दिसतो. म्हणूनच ती संख्या स्वतंत्रपणे लिहावी.

दोन्ही बाजूंचे आवडते आकडे असतात. शस्त्रहक्काच्या बाजूने वर्षाला २५ लाख वेळा बंदुकीने स्वसंरक्षण होते असा आकडा दिला जातो. तो १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्लेक आणि गर्ट्झ यांच्या दूरध्वनी पाहणीतून आलेला आहे, आणि सरकारच्या गुन्हेपीडित पाहणीतून निघणारा अंदाज त्याच्या कित्येक पटींनी कमी आहे. दुसऱ्या बाजूने, फेब्रुवारी २०१८ मध्ये पार्कलँडच्या शाळेतील हत्याकांडानंतर एव्हरीटाउन या नियंत्रणवादी संघटनेचा “वर्षातील अठरावा शालेय गोळीबार” हा आकडा सर्वत्र पसरला. त्या अठरांत बंद पडलेल्या एका शाळेच्या वाहनतळावरील आत्महत्याही मोजलेली होती. पहिला आकडा तपासणाऱ्याने दुसराही तपासला पाहिजे.

अवतरणांबाबतही हीच शिस्त हवी, आणि येथे मराठी वाचकाला एक खास जागा आहे. ब्रिटिश राजवटीच्या दुष्कृत्यांत संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणारा कायदा सर्वांत काळा ठरेल, अशा आशयाचे गांधीजींचे वाक्य अमेरिकेतील शस्त्रहक्कवादी वारंवार वापरतात. वाक्य खोटे नाही. त्याचा संदर्भ मात्र १८७८ चा वसाहती शस्त्र कायदा आणि १९१८ ची खेडा जिल्ह्यातील सैन्यभरतीची मोहीम हा आहे, आणि सैन्यात भरती होऊन तो कायदा रद्द करून घेण्याची संधी साधा, असे गांधीजी तेव्हा सांगत होते. “हे बनावट आहे” असे घाईने लिहून आपले हसे करून घेऊ नये; खरे वाक्य कुठून उचलले आणि कुठे चिकटवले ते शांतपणे दाखवावे.

दोन्हीकडे एकच माप लावा

बिंदू चौकात सभा ऐकत वाढलेल्या आपल्या शहराला समोरच्याला जाहीरपणे जाब विचारण्याची सवय आहे, आणि “या बिंदू चौकात” हे आव्हान येथे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. त्या सवयीत एक चांगली गोष्ट आहे ती म्हणजे समोरचाही बोलतो. लेखात तो बोलू शकत नाही, म्हणून त्याची बाजू आपणच प्रामाणिकपणे मांडावी लागते.

न्यूयॉर्कच्या महान्यायवादी लेटिशिया जेम्स यांनी ऑगस्ट २०२० मध्ये संघटनाच विसर्जित करावी अशी मागणी करणारा दावा दाखल केला. त्या डेमोक्रॅट आहेत, आणि २०१८ च्या आपल्या निवडणूक प्रचारात त्यांनी या संघटनेला दहशतवादी संघटना म्हटले होते. मार्च २०२२ मध्ये न्यायाधीशांनी विसर्जनाची मागणी फेटाळली. फेब्रुवारी २०२४ मध्ये मात्र ज्यूरीने संघटनेची सूत्रे दीर्घकाळ सांभाळलेल्या वेन लापिएर यांना संघटनेच्या पैशाच्या गैरवापरासाठी जबाबदार धरले. ते पैसे सभासदांच्या वर्गणीचे होते. हे चारही तपशील एकत्र आले तरच हकीकत पूर्ण होते. पहिले दोन गाळले तर लेख पक्षपाती ठरतो, शेवटचा गाळला तर खोटा.

यापेक्षाही मला शिकवण्यासारखा वाटतो तो व्हुलो खटला. पार्कलँडनंतर न्यूयॉर्कच्या वित्तीय नियामकांनी बँका व विमा कंपन्यांवर या संघटनेशी संबंध तोडण्यासाठी दबाव आणला, असा तिचा आरोप होता. सर्वोच्च न्यायालयात तिची बाजू मांडली ती अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनने, म्हणजे बंदुकीच्या प्रश्नावर तिच्याशी मुळीच सहमत नसलेल्या संस्थेने. ३० मे २०२४ रोजी नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी संघटनेच्या बाजूने कौल दिला आणि खटला पुढे चालवण्याचा तिचा मार्ग मोकळा केला. सरकारने नावडत्या संघटनेची आर्थिक कोंडी करू नये हे तत्त्व आपल्याला आवडत्या संघटनेसाठी हवे असेल, तर ते येथेही मान्य करावे लागते. माझ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांना हे गिळणे जड जाते. जड जाऊ द्यावे.

मसुदा कोणाला दाखवावा

शेवटचे काम सर्वांत कठीण आणि सर्वांत उपयोगी आहे. लेख त्या माणसाला दाखवा ज्याच्या संघटनेविषयी तो आहे. माझा भाचा गेली बारा वर्षे टेक्सासमध्ये राहतो, त्याच्याकडे दोन बंदुका आहेत, आणि सुट्टीत आला की रंकाळ्यावर फिरताना आमचा याच विषयावर वाद होतो. काही वर्षांपूर्वी माझ्या एका व्याख्यानाचा मसुदा मी त्याला वाचायला दिला. वाचून तो म्हणाला, “मावशी, खोटं काही नाही यात. पण यात मी कुठंच नाही.” मी पुन्हा वाचले तेव्हा लक्षात आले की खरोखरच त्यात नेते होते, देणग्या होत्या, हत्याकांडे होती, रात्री दूरच्या वस्तीत पोलीस यायला पाऊण तास लागतो म्हणून बंदूक घेणारा माणूस त्यात नव्हता.

मी मसुदा नव्याने लिहिला. आधीचे वाक्य असे होते: “या संघटनेला मुलांच्या जिवाची पर्वा नाही.” त्याजागी पुढील वाक्ये आली: “सँडी हुक शाळेत २० मुले आणि ६ प्रौढ मारले गेल्यानंतर चार महिन्यांनी, १७ एप्रिल २०१३ रोजी, बंदूकविक्रीपूर्वीची पार्श्वभूमी तपासणी विस्तारणारा प्रस्ताव सिनेटमध्ये ५४ विरुद्ध ४६ मतांवर अडला, कारण ६० मते आवश्यक होती. तो मांडणारे डेमोक्रॅट मँचिन आणि रिपब्लिकन टूमी या दोघांनाही तोवर संघटनेची ए श्रेणी होती. संघटनेने प्रस्तावाला विरोध केला आणि मँचिन यांच्याविरुद्ध जाहिराती दाखवल्या. अशा तपासणीने गुन्हेगार थांबत नाहीत आणि पुढे बंदुकांची नोंदवही तयार होईल, असे तिचे म्हणणे होते; प्रस्तावात मात्र अशा नोंदवहीला स्पष्ट मनाई होती.” पर्वा आहे की नाही हे वाचकाने ठरवावे.

हा दुसरा मसुदा वाचून भाच्याने मला दीड पानाचे उत्तर पाठवले. त्यातील एक दुरुस्ती मी तत्काळ स्वीकारली: संघटना प्रत्येक तपासणीच्या विरोधात असते असे मी दुसऱ्या पानावर लिहिले होते, आणि त्याने दाखवून दिले की १९९० च्या दशकात प्रतीक्षाकाळाला पर्याय म्हणून तात्काळ तपासणीची पद्धत तिनेच उचलून धरली होती, तसेच व्हर्जिनिया टेकच्या हत्याकांडानंतर त्या पद्धतीतील नोंदी सुधारणाऱ्या कायद्याला तिचा पाठिंबा होता. दुसरा आक्षेप असा होता की २०१३ मध्ये टूमी यांच्यावरही संघटनेची मर्जी खप्पा झाली, तेव्हा पक्ष पाहून वागल्याचा आरोप त्या प्रसंगाला लागू होत नाही. तोही मला मानावा लागला, आणि तो प्रसंग मी पक्षीयतेच्या विभागातून काढून हटवादीपणाच्या विभागात नेला. तिसरा आक्षेप बंप स्टॉकच्या परिच्छेदावर होता. तो परिच्छेद मी एक शब्दही न बदलता तसाच ठेवला, आणि त्यावर आमचा वाद अजून चालू आहे.